जुन्या ट्रकचा जाम झालेला एक्झॉस्ट घरी सोडवताना जोर कुठे लावावा आणि कुठे लावू नये

आपल्या प्रश्नाचा सारांश असा : जुन्या ट्रकचा मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळीच्या) खालच्या फ्लॅंजपासून (बोल्टने जोडायच्या चपट्या कडेपासून) शेवटच्या पाइपापर्यंतचा सगळा एक्झॉस्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारी सगळी नळी, बदलायचा आहे आणि नवे भाग आणून ठेवले आहेत, परंतु फ्लॅंजच्या तीन नटांपैकी एकही हलत नाही, त्यातल्या एकाचे कोपरे घासून गोल झाले आहेत आणि सायलेन्सर पुढच्या पाइपात असा जाम बसला आहे की सांधा कुठे आहे हेही नीट दिसत नाही. हाताशी पान्यांचा संच, ग्राइंडर आणि गॅसची टॉर्च आहे. पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवून आणखी जोर लावावा का, असे आपण विचारता. माझे उत्तर आहे, लावू नये. निदान त्या तीन नटांवर तरी नाही. बाकी एक्झॉस्टवर मात्र वाटेल तेवढी जबरदस्ती करण्यास हरकत नाही, आणि हा फरक कामाला हात घालण्यापूर्वीच मनात पक्का असला पाहिजे.

तेव्हा आधी काय वाचवायचे आणि काय बळी द्यायचे ते ठरवावे. आपल्या बाबतीत वाचवण्याजोग्या वस्तू फार थोड्या आहेत : सिलिंडर हेडमधले (इंजिनाच्या ज्या वरच्या भागाला मॅनिफोल्ड जोडलेले असते त्यातले) आटे, मॅनिफोल्डचे बीड (ओतीव लोखंड) आणि त्यात बसवलेले स्टड (डोके नसलेले, आटे पाडलेले बोल्ट), टर्बो (धुराच्या जोरावर इंजिनात जास्त हवा भरणारा पंखा) असल्यास त्याचे घर, आणि पुन्हा वापरायचा असल्यास धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर. जुना पाइप, सायलेन्सर, क्लॅम्प, नट, बोल्ट हे सगळे भंगारच आहे. भंगारात जाणारा नट शाबूत काढण्यासाठी तासभर झटायचे आणि त्या भरात मॅनिफोल्डमधला स्टड मोडून बसायचे, हा घरच्या कामात नेहमी दिसणारा उलटा व्यवहार आहे. खालच्या फ्लॅंजचा स्टड मोडला तर अर्ध्या दिवसाचे काम वाढते. हेडमधला स्टड हेडच्या पृष्ठभागाशी सपाट मोडला तर ट्रक कित्येक दिवस उभा राहू शकतो.

नट जाम का होतो हे समजले तर उपायांचा क्रम आपोआप लक्षात येतो. एक्झॉस्टचे लोखंड रोज तापते आणि थंड होते, त्यावर रस्त्यावरचे पाणी उडते आणि आट्यांच्या फटीत गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते. त्यामुळे तो आट्यांमध्ये पाचर ठोकल्यासारखा गच्च बसतो. शिवाय नटाबाहेर उघडा राहिलेला स्टडचा भाग खवले धरून फुगतो आणि नट सैल झाला तरी त्या फुगलेल्या आट्यांवरून त्याला बाहेर येता येत नाही. दुसरीकडे, नट आणि फ्लॅंज यांच्या सांध्याजवळ स्टड गंजाने झिजून बारीक झालेला असतो. म्हणजे जिथे पकड सर्वांत जास्त, तिथेच स्टड सर्वांत दुबळा. लांब दांड्याचा संथ, सलग जोर नेमका या दुबळ्या जागी पीळ देतो.

सुरुवात सुरक्षिततेपासून करावी लागते, कारण हे काम ट्रकखाली आडवे होऊन, आग आणि ठिणग्या यांच्या सोबतीने करायचे असते. चेसिसची उंची पुरेशी असेल तर ट्रक उचलूच नये. उचलावा लागला तर कडक, सपाट जमिनीवर, चाकांना दोन्ही बाजूंनी अडसर लावून आणि वजनाला पुरतील अशा घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकवूनच खाली जावे. केवळ जॅकच्या भरवशावर कधीही जाऊ नये. डोळ्यांवर बंद बाजूंचा चष्मा हवा, कारण गंजाचे खवले सरळ चेहऱ्यावर पडतात. ज्योत किंवा ग्राइंडर लावण्याआधी हात फिरवून बघावे की वर आणि मागे काय आहे. इंधनाची टाकी व नळ्या, ब्रेकच्या नळ्या, वायरिंग आणि एअर ब्रेकच्या ट्रकमध्ये नायलॉनच्या हवेच्या नळ्या बहुधा चेसिसच्या त्याच बाजूने जातात. त्यांच्यापुढे पत्र्याचा आडोसा धरावा आणि इंधनाची गळती असेल तर ती दुरुस्त होईपर्यंत ज्योत पेटवूच नये. अग्निशामक आणि पाण्याची बादली हात पोहोचेल तिथे ठेवावी, आणि काम संपल्यावर अर्धा तास तरी तिथून हलू नये.

यात दोन धोके असे आहेत की जे डोळ्यांना दिसत नाहीत. फार जुन्या ट्रकचे गॅस्केट आणि उष्णतारोधक गुंडाळी अॅस्बेस्टॉसची असू शकते. ती कोरडी खरवडू नये, ग्राइंडरने किंवा वायर ब्रशने तर मुळीच घासू नये, पाण्याने चिंब भिजवून अखंड काढावी. दुसरे असे की, काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असतो आणि वेल्डिंगच्या ठिणगीशी किंवा तापलेल्या धातूशी त्याचा संबंध आल्यास फॉस्जीन हा अत्यंत विषारी वायू तयार होतो. म्हणून ज्या जागी तापवायचे किंवा वेल्ड करायचे आहे, ती जागा अशा फवाऱ्याने पुसू नये.

कामाचा क्रम मागून पुढे ठेवावा. बहुतेक जण फ्लॅंजच्या नटांपासून सुरुवात करतात, कारण तिथेच सगळे अडले आहे असे वाटते. पण त्या वेळी सायलेन्सरसकट सगळ्या पाइपाचे वजन त्याच स्टडवर लोंबकळत असते आणि पाना फिरवायला जागाही नसते. जो पाइप फेकायचाच आहे तो करवतीने किंवा ग्राइंडरने सोयीच्या ठिकाणी कापून तुकड्यातुकड्यांनी खाली घ्यावा. मागच्या अॅक्सलवरून वळसा घेणारा पाइप तर अनेक ट्रकमध्ये अखंड निघतच नाही, तो कापावाच लागतो. कापण्याआधी प्रत्येक तुकड्याखाली आधार द्यावा. फ्लॅंजजवळ मात्र पंधरा-वीस सेंटिमीटर पाइप ठेवून कापावे. हा तुकडा पुढे हातात धरून हलवायला उपयोगी पडतो, आणि तो डावी-उजवीकडे हलवला की नटाखालचा गंज सैल व्हायला मदतच होते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) असल्यास त्याच्या पोटातून कधीही कापू नये, कारण आतला सिरॅमिक गाभा आणि त्याभोवतीचे तंतू यांची धूळ श्वासात जाणे घातक असते.

मागचे सगळे खाली आले की मग त्या तीन नटांकडे वळावे, आणि पहिले हत्यार वायर ब्रश असावे. नटाबाहेर दिसणारे आटे चकचकीत होईपर्यंत घासावेत. नट ज्या वाटेने बाहेर येणार ती वाट आधी साफ हवी, ही इतकी साधी गोष्ट आहे की तिचाच सर्वांना विसर पडतो. त्यानंतर गंज सोडवणारे तेल नटाच्या वरच्या बाजूने तसेच नट आणि फ्लॅंज यांच्या फटीतून, दोन्हीकडून सोडावे. तेलाला वेळ लागतो. आदल्या संध्याकाळी एकदा, रात्री एकदा आणि सकाळी एकदा असे लावले तर एकाच वेळी अर्धा डबा ओतण्यापेक्षा अधिक काम होते. इंजिन थोडे चालवून एक्झॉस्ट कोमट असताना तेल सोडल्यास ते आत लवकर शिरते, परंतु हात लावता येणार नाही इतक्या तापलेल्या मॅनिफोल्डवर तेल टाकल्यास ते पेटू शकते. अॅसिटोन आणि गिअरचे तेल मिसळून केलेल्या घरगुती मिश्रणाची पुष्कळ स्तुती होते. ते काम करते हे खरे, पण अॅसिटोन इतका ज्वालाग्राही आहे की जिथे थोड्याच वेळात टॉर्च पेटवायची आहे तिथे तो नसलेला बरा, असे माझे मत आहे.

नटावर नेहमी सहा कोनांचे सॉकेट चढवावे. बारा कोनांचे सॉकेट कोपऱ्यांवर पकड घेते आणि गंजून बारीक झालेल्या नटाचे कोपरे लगेच खाते; आपला एक नट बहुधा त्यामुळेच गोल झाला असावा. गंजामुळे नटाचा आकार घटलेला असेल तर एक माप लहान सॉकेट हातोड्याने ठोकून बसवावे. ठोकण्याचा धक्काही उपयोगी असतो, कारण त्याने आट्यांमधला गंज तडकतो. पहिला प्रयत्न सोडवण्याच्या नव्हे, घट्ट करण्याच्या दिशेने करावा, अगदी किंचित. त्या दिशेने केसभर हलला की गंजाची पकड तुटलेली असते. मग पाव फेरा सैल, अर्धा पाव घट्ट, पुन्हा तेल, असे मागेपुढे करत नट बाहेर आणावा. इम्पॅक्ट रेंच असेल तर तो लांब दांड्यापेक्षा नक्कीच चांगला, कारण सलग पिळापेक्षा छोटे छोटे धक्के गंज फोडतात; मात्र तो सर्वांत कमी जोरावर ठेवून सुरुवात करावी.

हाताला काय जाणवते याकडे इथे सगळे लक्ष हवे. सुटणारा नट आवाज करतो : आधी ‘कट्’ असा एक तडा आणि नंतर कुरकुर. याउलट पाना आवाज न करता मऊपणे, रबर पिळल्यासारखा वळत असेल आणि सोडला की थोडा परत येत असेल, तर नट फिरत नसून स्टड पिळला जात आहे. त्या क्षणी थांबावे. पुढचा अर्धा फेरा स्टड मोडण्यासाठीच असतो. थांबून उष्णतेकडे वळणे हाच तिथला एकमेव शहाणपणाचा मार्ग आहे.

उष्णतेचे गणित साधे आहे. पोलाद एका अंश सेल्सिअसला साधारण बारा दशलक्षांश पटीने प्रसरण पावते. म्हणजे 10 मिलिमीटरच्या स्टडवरचा नट 600 अंशांनी तापवला तर त्याचे भोक सुमारे 0.07 मिलिमीटरने मोठे होते. ऐकायला हे नगण्य वाटते, पण आट्यांच्या फटीच्या मानाने ते पुष्कळ आहे. अट एवढीच की नट तापला पाहिजे आणि स्टड शक्यतो थंड राहिला पाहिजे. म्हणून ज्योत स्टडच्या टोकावर न धरता नटाच्या बाजूंवर गोल फिरवावी, आणि तीही तीव्र व थोडा वेळ. आपल्याकडची साधी गॅसची टॉर्च इथे कमी पडण्याची शक्यता आहे, कारण जाड फ्लॅंज सगळी उष्णता ओढून घेते आणि नट लाल होईपर्यंत स्टडही तेवढाच तापतो. ऑक्सि-अॅसिटिलिनची ज्योत वापरता येत असेल तर उत्तम. नसेल तर विजेवर चालणारे, नटाभोवती तारेचे वेटोळे घालून तापवणारे इंडक्शन हीटर घरच्या कामासाठी फार सोयीचे असते, कारण त्याला ज्योत नसते आणि इंधनाच्या नळ्यांजवळही ते बेताने वापरता येते.

नट मंद लाल झाला, म्हणजे सावलीत साधारण 600 ते 700 अंशांचा रंग दिसू लागला, की ज्योत बाजूला करावी. लाल असतानाच पाना लावू नये. त्या तापमानाला पोलाद मऊ असते. रंग पूर्ण मावळू द्यावा आणि मग साधी मेणबत्ती आट्यांना टेकवावी. वितळलेले मेण फटीत आपोआप ओढले जाते आणि तेलापेक्षा जास्त तापमानाला टिकते. त्यानंतर नट मागेपुढे हलवून पाहावा. पहिल्या वेळी न सुटल्यास निराश होण्याचे कारण नाही. तापणे आणि थंड होणे या प्रत्येक फेरीत गंज थोडा थोडा भुगा होत असतो, आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीत सुटलेले नट पुष्कळ असतात. तेल लावलेल्या नटाला तापवण्यापूर्वी तेल पुसून काढावे, आणि लाल झालेला प्रत्येक स्टड नंतर बदलून टाकावा, कारण त्याची मूळ ताकद गेलेली असते.

हे सर्व पोलाद आणि बीड यांच्याविषयी झाले. हेड अॅल्युमिनियमचे असेल तर तिथे ज्योत घेऊन जाताना पूर्ण वेगळा विचार हवा. शुद्ध अॅल्युमिनियम 660 अंशांना वितळते, हेडमधली मिश्रणे त्याहून आधीच मऊ पडतात, आणि लोखंडासारखा लाल होऊन कोणताही इशारा ते देत नाही.

ज्या नटाचे कोपरे गोल झाले आहेत त्याच्याशी मी फार वाटाघाटी करणार नाही. ग्राइंडरच्या पातळ चकतीने नटाच्या एका बाजूवर, स्टडला समांतर अशी उभी खाच घ्यावी. आतल्या आट्यांची टोके नुकतीच दिसू लागली की थांबावे आणि त्या खाचेत छिन्नी ठेवून एक दणका द्यावा. नट उघडतो आणि बहुधा हातानेच निघतो, आणि स्टडचे आटे जवळजवळ शाबूत राहतात. ग्राइंडरचे कवच काढून वापरण्याचा मोह अशा अडचणीच्या जागी होतोच. तो टाळावा, आणि जागा खरोखरच अपुरी असेल तर नट फोडण्याचे हाती अवजार मिळते, ते वापरावे.

सायलेन्सरच्या सांध्याचे तसे काही कठीण नाही, फक्त कोणता पाइप ठेवायचा हे माहीत हवे. आपण दोन्ही बदलणार आहात, तेव्हा सांध्याच्या मागेपुढे कापून मोकळे व्हावे. पुढेमागे कधी आतला पाइप वाचवायचा असेल तर बाहेरच्या पाइपाला लांबीच्या दिशेने चार-पाच सेंटिमीटरची चीर पाडावी, आतल्या पाइपाला स्पर्श होऊ न देता, आणि छिन्नीने ती कड उलगडत न्यावी. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचा क्लॅम्प दोन्ही पाइप एकत्र दाबून त्यांत खोलगट वळ पाडतो; असा सांधा केवळ ओढून कधीच सुटत नाही, म्हणून त्यावर ताकद वाया घालवू नये. एक्झॉस्ट टांगून धरणारे रबर साबणाच्या पाण्याने किंवा सिलिकॉनच्या फवाऱ्याने सहज सरकते. टर्बो असेल तर पाइपाभोवतीचा पट्टीचा क्लॅम्प बोल्ट काढल्यावरही चिकटून राहतो. त्याच्याभोवती हलक्या हाताने ठोकत जावे, आणि पाइप सुटताच टर्बोचे तोंड कापडाने बंद करावे. ते कापड जोडणीपूर्वी काढायचे आहे, अशी चिठ्ठी स्टिअरिंगवर लावलेली बरी.

एवढे करूनही स्टड मोडलाच तर तो कुठे मोडला यावर पुढचे अवलंबून आहे. काही मिलिमीटर जरी बाहेर असेल तरी त्यावर एक नवा नट ठेवून नटाच्या भोकातून आत वेल्ड भरावे. वेल्डच्या उष्णतेनेच निम्मे काम होते. लाली गेल्यावर तो नट मागेपुढे फिरवला की तुकडा बाहेर येतो. एक-दोनदा वेल्ड तुटेल, पुन्हा करावे. वेल्ड करण्यापूर्वी बॅटरीच्या तारा सोडाव्यात आणि अर्थचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावावा. स्टड पृष्ठभागाशी सपाट मोडला असेल तर नेमका मध्य शोधून सेंटर पंचाने खूण करावी आणि डाव्या दिशेने कापणाऱ्या ड्रिलने, 3 मिलिमीटरपासून सुरू करून, पायरीपायरीने भोक वाढवावे. पुष्कळदा उलट फिरणारे ड्रिलच तुकडा बाहेर आणते. 10 मिलिमीटरच्या, 1.5 मिलिमीटर पिचच्या (दोन आट्यांमधल्या अंतराच्या) स्टडमध्ये 8.5 मिलिमीटरच्या पुढे गेल्यास मूळ आटे जातात, तेव्हा त्याच्या आत थांबावे. चुड्यांच्या एक्स्ट्रॅक्टरवर, म्हणजे मोडक्या स्टडच्या भोकात उलट फिरवून तो काढण्याच्या आटेदार दांडीवर, माझा फारसा विश्वास नाही. तो अतिशय कडक पोलादाचा असतो, भोकात मोडला तर साध्या ड्रिलने कापला जात नाही, आणि ज्या स्टडने गरम नटालाही दाद दिली नाही तो त्या बारीक दांडीला दाद देईल असे मानायला आधार नाही. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये स्टड सपाट मोडला असेल आणि मध्य साधत नसेल, तर तिथून पुढे मशीन शॉपचे काम समजावे.

मॅनिफोल्ड हेडपासून काढण्याचे आपण विचारलेले नाही, आणि खालची फ्लॅंज सुटत असेल तर ते काढूही नये. काढावेच लागले तर इंजिन पूर्ण थंड असताना, टोकांपासून मध्याकडे येत बोल्ट थोडे थोडे सैल करावेत, आणि बीडावर हातोडा मारू नये, कारण ते वाकत नाही, तडकते. हेडचे काही स्टड पाण्याच्या मार्गात उघडतात. तिथे आधी कूलंट काढून घ्यावे लागते. ऑक्सिजन सेन्सर मात्र उलट कोमट असताना सहज निघतो, आणि त्यासाठी वायर जाऊ देणारे फटीचे सॉकेट वापरावे.

जोडताना नवे नट आणि जमल्यास नवे स्टड घ्यावेत, फ्लॅंजची पृष्ठे सपाट आहेत का ते पट्टी ठेवून पाहावे, आणि आट्यांना निकेलयुक्त जाम-रोधक लेप पातळसा लावावा. लेपामुळे घर्षण कमी होते आणि तेवढ्याच पिळाला बोल्ट अधिक ताणला जातो. निर्मात्याने दिलेला पिळाचा आकडा कोरड्या आट्यांसाठी असेल तर तो थोडा खाली आणावा लागतो. सेन्सरला लेप लावताना तो टोकाच्या जाळीला लागू देऊ नये. सगळे भाग आधी सैल अडकवून, अॅक्सल, चेसिस व ब्रेकच्या नळ्यांपासून अंतर पाहून, मग पुढून मागे घट्ट करत जावे. गळती पाहण्यासाठी इंजिन सुरू करण्याचीही गरज नाही. शेवटच्या पाइपात व्हॅक्यूम क्लीनरची हवा उलट सोडून सांध्यांवर साबणाचे पाणी टाकले की बुडबुडे जागा दाखवतात. पहिल्यांदा इंजिन सुरू कराल ते मोकळ्या हवेतच, कारण कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास, आणि केबिनखालची छोटी गळतीही तो आत पोहोचवते. दोन-तीन लांब फेऱ्यांनंतर एक्झॉस्ट थंड असताना त्या तीन नटांवर पुन्हा एकदा पाना फिरवून पाहावा. नवे गॅस्केट तापून बसले की ते नट थोडे सैल पडतात.